ब्याऐंशी किलोंचा घोळ

विमानाचं दुसरं वजन पहिल्यापेक्षा ब्याऐंशी किलोंनी कमी भरलं, तेव्हा हँगरमधल्या सगळ्यांनी एकदम मामांकडे पाहिलं.

मामा नुकतेच ऑफिसच्या दारातून आत शिरले होते. हातात ट्रे, ट्रेमध्ये दोन रिकामे कप आणि केकचा चुरा.

"माझ्याकडे काय बघताय? मी इथे नव्हतोच!" मामा म्हणाले. "मी निरीक्षक साहेबांना चहा पाजत होतो. उठून निघाले होते, हाताला धरून बसवलं. दोन कप चहा घेतला आणि केकचे तीन तुकडे खाल्ले त्यांनी. माझ्या खात्याचं काम चोख आहे. तुमचं तुम्ही बघा."

मामा म्हणजे मालकांचे मेहुणे. नव्या विमान कंपनीत त्यांच्याकडे पाहुणचाराचं खातं होतं, कारण दुसरं कुठलंही खातं त्यांना द्यायला वहिनी, म्हणजे मालकांची बायको आणि मामांची सख्खी बहीण, तयार नव्हती. मागच्याच महिन्यात त्यांनी सीटांचे नंबर शेपटाकडून चिकटवायला सुरुवात केली होती आणि एक नंबर शौचालयाच्या दाराशी आणून ठेवला होता. तेव्हापासून काहीही बिघडलं की आधी मामांकडे बघायचं, अशी पद्धतच पडली होती.

"पुन्हा वाच," मालक म्हणाले.

फिटरने पुन्हा वाचलं. या फिटरला सगळे पाना म्हणत. त्याचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुठेच वापरात नव्हतं. "पहिलं, बारा हजार चारशे अठरा. दुसरं, बारा हजार तीनशे छत्तीस."

"अर्ध्या तासात ब्याऐंशी किलो उतरलं?" वहिनी म्हणाल्या. "काय पथ्य पाळतं ते मला सांगा, मीही पाळते."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखी वेळच नव्हती.

विमान तोलायचं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. हे चाळीस सीटांचं विमान भाड्याने आणलेलं. जुन्या सीटा काढून नव्या बसवल्या, नवा रंग दिला, म्हणजे वजन बदललं. ते नव्याने तोलून, त्या कागदावर सरकारी निरीक्षकाची सही घेतल्याशिवाय कंपनीला परवाना नाही. फाइलीत एकशे त्रेसष्ट कागद लागले होते, हा एकशे चौसष्टावा आणि शेवटचा. चाकांखाली तीन सपाट काटे ठेवायचे, विमान त्यांवर ढकलायचं, आकडा घ्यायचा, खाली उतरवायचं, पुन्हा चढवायचं आणि पुन्हा आकडा घ्यायचा. लागोपाठची दोन वजनं दहा किलोंच्या आत जुळली पाहिजेत. ऐकायला सोपं आहे. ऐकायला तर लग्नही सोपंच असतं.

आणि हे सगळं त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. भाड्याने देणाऱ्या कंपनीने तीनदा मुदत वाढवून दिली होती, चौथ्यांदा मात्र एक पायलटच पाठवला होता. तो सकाळपासून हँगरच्या दाराशी आपल्या बॅगेवर बसून होता. माणूस सभ्य होता, भांडत नव्हता, फक्त अधूनमधून घड्याळ बघत होता. पाचला सही नसेल, तर जुन्या मालकाच्या कागदांवर विमान घेऊन तो परत जाणार होता. मग कंपनी नाही, परवाना नाही, काही नाही.

मालकांची सगळी हयात बसच्या धंद्यात गेलेली. टायर दबला की गाडी भरली, एवढंच वजनाचं शास्त्र त्यांना ठाऊक. उभ्याने चार प्रवासी घेतल्याशिवाय त्यांची एकही बस कधी सुटली नव्हती. पण विमान काढायचं वेड त्यांना आईपायी लागलं. बहिणीला मुलगी झाली ती समुद्रापलीकडे, आणि आई हट्टाला पेटली, "बसेन तर पोराच्याच विमानात बसेन. परक्याच्या विमानात मी पाय ठेवणार नाही." पोरगा म्हणाला, "चार महिने थांब." चार महिन्यांचे सोळा झाले. नात चालायला लागली, बोलायला लागली, आणि आईची बॅग अजून दाराशीच भरलेली होती. आई रोज दुपारी फोन करून एकच प्रश्न विचारायची, "कधी?"

"मास्तर, बोला काहीतरी," मालक म्हणाले.

मास्तर म्हणजे मुख्य इंजिनिअर. बोलणं कमी, त्यामुळे त्यांचं ऐकायची सगळ्यांना सवय होती. त्यांनी चष्मा पुसला. "एक तर काटा चुकतोय, नाहीतर विमान."

"काट्याला सकाळीच साहेबांनी स्वतः तपासून सील लावलंय," पाना म्हणाला. "काटा चुकला म्हणणार कोण त्यांना?"

निरीक्षक साहेबांची कीर्ती त्यांच्या आधी हँगरमध्ये पोचली होती. एका कंपनीची फाइल त्यांनी परत पाठवली होती, कारण विमानातला एक कचऱ्याचा डबा नकाशात डावीकडे होता आणि प्रत्यक्षात अर्धा हात आणखी डावीकडे. बोलायचे मोजकंच. पायांत मऊ बूट, त्यामुळे कधी आले, कधी गेले, पत्ता लागत नसे. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही, असं त्यांचं व्रत होतं. वहिनींनी सकाळीच सगळ्यांना रांगेत उभं करून बजावलं होतं, "साहेबांकडे टक लावून बघायचं नाही. मागे मागे करायचं नाही. कुठे गेले, का गेले, विचारायचं नाही. त्यांच्यासाठी पंख्यापाशी खुर्ची ठेवलीय. बसले तर बसले, उठले तर उठले."

"वजन जुळत नाही, हे त्यांच्या कानावर जाता कामा नये," मालक आता दबक्या आवाजात म्हणाले. "एकदा का त्यांनी वहीत लिहिलं, की मेलो. सांगा, आम्ही सवयीने चार-पाचदा तोलतो. काळजीपूर्वक काम आहे म्हणावं."

"खोटं बोलायचं?" मास्तर म्हणाले.

"खोटं कुठे? काळजी तर आहेच ना!"

तिसऱ्यांदा विमान काट्यांवर चढलं. वाऱ्याने आकडा हलू नये म्हणून हँगरचे दरवाजे लोटले, पंखे बंद केले. दोन मिनिटांत सगळे घामाघूम झाले. पंख्यापाशी साहेबांची खुर्ची रिकामी होती. साहजिक आहे, असं सगळ्यांना वाटलं. सरकारी माणूस कशाला उकाड्यात बसेल? विमानाचं मागचं दार बंद दिसत होतं. पाना समजला मास्तरांनी लावलं, मास्तर समजले पान्याने लावलं.

"बारा हजार चारशे अठरा," पाना म्हणाला.

"जुळलं!" मालकांनी टाळी वाजवली. "पहिलं आणि तिसरं! एक किलो इकडे नाही की तिकडे नाही. ते मधलं खोडून टाका."

"लागोपाठची दोन लागतात," मास्तर म्हणाले. "आणि मधलं खोडायचं तर कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"लिहा, मामा होते."

"मी नव्हतो!" मामा ओरडले.

मग विमानाची झडती झाली. तोवर पंखे सुरू झाले होते आणि साहेब आपल्या खुर्चीत येऊन बसले होते. त्यांना दिसू नये म्हणून सगळे एकेक करून, सहज फिरायला गेल्यासारखे आत शिरले. सीटांच्या खाली हात घातले, सामानाचे कप्पे उघडले, शौचालय पाहिलं. सापडलं काय, तर मामांची छत्री. आणि नवव्या रांगेतल्या खिडकीच्या सीटचा पट्टा सुटलेला.

"एकेक पट्टा मी काल स्वतः फुली मारून ठेवलाय," वहिनी चिडून म्हणाल्या. "हे कोणाचं काम?"

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी या वेळी फक्त आपली छत्री काखेत मारली. वहिनींनी पट्टा पुन्हा फुलीसारखा ठेवला आणि विषय तिथेच संपला.

चौथ्या वजनाच्या वेळी मात्र वेगळाच प्रकार झाला. दरवाजे लोटले जाणार इतक्यात साहेबांचा फोन वाजला. साहेब बाहेर गेले आणि भिंतीकडे तोंड करून बोलत राहिले. मामा तिथेच कोपऱ्यावर हात धूत होते, त्यांच्या कानावर पडलं ते असं, "हो. बिनसाखरेचा. नाही गं, काहीच खाल्लं नाही. हो, तेवढंच आहे, वाढलेलं नाही. करतो, आज नक्की करतो."

मामा आत आले ते फणफणतच. "दोन कप पाजले मी, आणि घरी सांगतायत काहीच खाल्लं नाही! काय किंमत आहे माणसाच्या पाहुणचाराला?"

"गप्प बसा," मालक म्हणाले. "पाना, वाच."

पान्याने आकडा दोनदा पाहिला. "बारा हजार तीनशे छत्तीस."

आता मालकांना खाली बसावंसं वाटलं, पण जवळ काहीच नव्हतं. ते विमानाच्या चाकाला टेकले.

"टेकू नका!" मास्तर ओरडले. "काट्यावर आहे ते."

"एकदा जेवल्यासारखं भरतं, एकदा उपाशी," वहिनी म्हणाल्या. "असं कसं हो विमान?"

घड्याळात अडीच वाजले होते. दारातल्या पायलटने उठून पाय मोकळे केले आणि पुन्हा बॅगेवर बसला. तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. आई.

"मग? झालं का रे त्याचं वजन?"

"होतंय, आई."

"एवढा वेळ? आमच्या वेळी तर पोतं काट्यावर टाकलं की झालं."

"आई, पोतं नाही ते, विमान आहे."

"बरं, बरं. मी बॅगेतून दोन लुगडी काढू का? तेवढंच हलकं होईल."

मालकांनी "नको" म्हणून फोन ठेवला, आणि बराच वेळ मोठमोठ्याने नाक शिंकरलं.

मास्तर इतका वेळ कागदावर काहीतरी मांडत होते. ते म्हणाले, "हे बघा. आत-बाहेर होतंय ते ब्याऐंशी किलोच होतंय. दर वेळी तेवढंच. तेलाची गळती असती तर कमी होत गेलं असतं, पुन्हा वाढलं नसतं. काटा बिघडला असता तर कसंही भरलं असतं. ही कुठलीतरी एकच वस्तू आहे, आणि ती येते-जाते."

"म्हणजे चालणारी वस्तू?" पाना म्हणाला.

"चालणारी."

पुन्हा सगळ्यांची नजर मामांकडे गेली. "चढवा त्यांना काट्यावर," मालकांनी हुकूम सोडला. विमान खाली उतरवलं होतं, काटे रिकामे होते. मामा पुटपुटत चढले. सत्त्याण्णव. मामा सुटले, पण त्यांना फारसा आनंद झाला नाही. मग मालक स्वतः चढले, चौऱ्याहत्तर. पाना अठ्ठावन्न. मास्तर एकाहत्तर. दारातल्या पायलटलाही विनंती केली. तो बिचारा काही न विचारता चढला आणि उतरला, एकोणऐंशी. वहिनींनी हात जोडले. "मी ब्याऐंशी नाही, एवढं लिहून घ्या. पुढचं विचारू नका."

हँगरमधला प्रत्येक माणूस तोलून झाला, आणि पंख्याखाली बसून हे सगळं शांतपणे बघणाऱ्या साहेबांचा कोणाला संशयही आला नाही. अधिकाऱ्याला वजन असतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते किलोंत असतं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. उलट साहेबांनीच वहीत टिपून घेतलं, "कर्मचाऱ्यांचीही वजनं केली. फार काळजीपूर्वक काम."

पाचवं वजन सव्वाचारला झालं. त्याच्या आत होणं शक्य नव्हतं. विमान ढकलणारी गाडी मध्येच रुसली होती आणि मामा ती दुरुस्त करायला धावले होते, म्हणजे आणखी पाऊण तास गेला. आता सहाव्याला वेळ नव्हता. जे काय व्हायचं ते यातच.

"या वेळी मी आकड्याकडे बघणार नाही," मास्तर हळूच म्हणाले. "मी माणसांकडे बघणार."

दरवाजे लोटले. पंखे बंद झाले. मास्तर मधोमध उभे राहिले आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. मालक, कपाळाचा घाम पुसतायत. वहिनी, फाइल छातीशी. मामा समोर, पाना काट्यापाशी, पायलट बॅगेवर. आणि पंख्यापाशी खुर्ची. रिकामी.

"बारा हजार चारशे अठरा," पाना म्हणाला.

मास्तर सरळ शेपटाकडे गेले आणि मागचं दार उघडलं. मालक "अहो, तोलणं चालू आहे!" म्हणत त्यांच्यामागे धावले.

नवव्या रांगेत, खिडकीच्या सीटवर, पट्टा बांधून, मांडीवर वही ठेवून साहेब ताठ बसले होते.

"दार का उघडलं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब... तुम्ही इथे?"

"तपासणीच्या यादीतला चौदावा मुद्दा," साहेब म्हणाले. "तोलण्याच्या वेळी विमान रिकामं आहे, याची खात्री निरीक्षकाने करायची. बाकीचे काय करतात? बाहेरून डोकावतात आणि सही ठोकतात. मधेच कोणी आत शिरला तर? मी तसं करत नाही. मी दार ओढून घेतो आणि वजन होईपर्यंत आत बसून बघतो." त्यांनी मान वळवून पुढून मागे सगळ्या सीटांवर नजर फिरवली. "विमानात कोणीही नाही. आज तीनदा बसलो, एकदाही कोणी नव्हतं."

मालकांनी दाराची चौकट धरली. मास्तरांनी मालकांना धरलं.

साहेबांनी पट्टा सोडला, उठले आणि खिशातून पेन काढलं. "दुसऱ्या वेळी तुमच्या त्या गृहस्थांनी मला चहाला धरून बसवलं, आणि चौथ्या वेळी घरून फोन आला. ती दोन मी पाहिलेली नाहीत, ती मी धरणार नाही. पण पहिलं, तिसरं आणि पाचवं माझ्या डोळ्यांसमोर झालंय. तिन्ही आकडे एकच असतील, तर कागद आणा. मी आत्ता सही करतो."

पेनचं टोपण निघालं. घड्याळात चार वाजून बावीस मिनिटं झाली होती.

मालकांनी मास्तरांचा दंड इतक्या जोरात दाबला की मास्तरांच्या तोंडून आवाज निघाला. दोघे शिडीच्या पायरीवर आले.

"एक अक्षर बोलू नका," मालक कुजबुजले. "सही होतेय. सोळा महिन्यांनी होतेय! तिन्ही आकडे एकच आहेत, खोटं काही नाही."

"साहेबांसकट आहेत ते. विमानाचं वजन ते नाही."

"जास्तच आहे ना? कमी तर नाही? जास्त लिहिल्याने कोण मेलंय?"

"मरणार कोणी नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. "फक्त विमानाच्या कागदावर ब्याऐंशी किलो कायमचे चढतील. म्हणजे विमान भरलं असेल त्या दिवशी तेवढं कमी न्यायचं. एक माणूस खाली ठेवायचा."

"कधी?"

"प्रत्येक भरल्या फेरीला. जन्मभर."

मालकांचा चेहरा बदलला. ज्या माणसाने आयुष्यभर उभ्याने चार घेतले, त्याला बसल्या जागी एक कमी करायला सांगत होते. आणि कोणासाठी? तर साहेब नवव्या रांगेत अदृश्य बसून फुकट फिरणार म्हणून. त्या रिकाम्या सीटकडे त्यांनी पाहिलं, तिच्यापायी खाली राहिलेल्यांत आपली आई बॅग घेऊन उभी आहे, असं त्यांना दिसलं असावं. ते वळले आणि एवढ्या मोठ्याने बोलले की दारातला पायलटसुद्धा उठून उभा राहिला.

"साहेब, तुम्ही आत होता!"

"अर्थात," साहेब म्हणाले. "मी होतो म्हणूनच खात्रीने सांगतोय, की..."

ते थांबले. कागदाकडे पाहिलं. सीटकडे पाहिलं. मग सावकाश स्वतःकडे पाहिलं.

वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. साहेबांनी पेनाला टोपण लावलं, आणि मालकांना वाटलं, संपलं. गेलं. सगळं गेलं. आईला काय सांगायचं, एवढंच आता ठरवायचं उरलं होतं.

"दुसऱ्या आणि चौथ्या वेळी किती भरलं होतं?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी सांगितलं. लपवाछपवीही सांगून टाकली. साहेब ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "आजवर अकरा विमानं मी अशीच तोलली. कुठेच फरक आला नाही."

"येणार कसा?" मास्तर म्हणाले. "दर वेळी तुम्ही आत. इथे एकदा तुम्ही बाहेर राहिलात, म्हणून आला."

"इतर ठिकाणी मला चहाला कोणी धरून ठेवलं नव्हतं," साहेब म्हणाले.

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा सवयीने "मी नव्हतो" म्हणणार होते, पण वेळेवर थांबले.

"हरकत नाही," साहेब म्हणाले. "मी होतो त्या तिन्ही आकड्यांतून माझं वजन वजा करा. उरलेल्या दोन आकड्यांशी जुळलं, तर पाचही वजनं लागोपाठ जुळली असं होतं. माझं वजन अडुसष्ट. लिहा."

मास्तरांनी लिहिलं. ब्याऐंशीतून अडुसष्ट गेले, चौदा राहिले. मर्यादा दहाची. मास्तरांनी पुन्हा मांडलं, पुन्हा चौदा.

"जुळत नाही, साहेब."

"जुळायला हवं. अडुसष्ट आहे मी. घरी विचारा."

चार पस्तीस. विमान एव्हाना काट्यांवरून उतरवलं होतं. आता बोलायचं कोणी? मालक मास्तरांकडे बघत होते, मास्तर वहिनींकडे, वहिनी छताकडे. शेवटी पाना पुढे झाला. त्याने खिशातून फडकं काढलं, रिकाम्या काट्याचा पत्रा पुसला आणि खाली मान घालून म्हणाला, "साहेब, काटा इथेच आहे. सीलही तुमचंच आहे."

साहेबांनी काट्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. काटा चुकीचा म्हणावं, तर स्वतःचंच सील खोटं. मग पाचही वजनं रद्द. काटा बरोबर म्हणावं, तर वर चढायला हवं. माणूस कडक होता, पण खोटा नव्हता. त्यांनी मऊ बूट काढले. खिशातल्या किल्ल्या काढल्या. चष्मा काढून वहिनींच्या हातात दिला. मग एक मोठा श्वास सोडून, होता होईल तेवढं हलकं पाऊल टाकून ते वर चढले.

न सांगता सगळ्यांनी माना दुसरीकडे वळवल्या. फक्त पान्याला आकडा वाचणं भाग होतं.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, एक्याऐंशी," पाना म्हणाला. आणि मग, माणूस प्रामाणिक होता म्हणून, जमिनीवरच्या बुटांकडे बघत पुढे म्हणाला, "बुटांसकट ब्याऐंशी होतील."

साहेब उतरले. बूट घातले. चष्मा लावला. मग फाइल मागून घेतली आणि शेऱ्याच्या जागी, स्वच्छ अक्षरात, स्वतःच्या हाताने लिहिलं, "पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या वेळी निरीक्षक अधिकारी विमानात बसले होते. अधिकाऱ्याचं वजन ब्याऐंशी किलो. ते वजा जाता पाचही वजनं जुळतात." खाली सही केली, शिक्का मारला. चार वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती. दारातल्या पायलटने बॅग उचलली, मालकांशी हात मिळवला आणि तो निघून गेला. मालकांना रडू फुटलं. ते मामांच्या गळ्यात पडले आणि मामांना काय करावं ते कळेना.

"अकरा पत्रं लिहावी लागतील मला," साहेब स्वतःशीच म्हणाले.

"साहेब, चहा?" मामांनी विचारलं. "बिनसाखरेचा?"

साहेब उत्तर देणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की पंख्याच्या घरघरीतही सगळ्यांना ऐकू आला.

"अहो, आज काट्यांचंच काम होतं ना? केलं का स्वतःचं वजन?"

"केलं," साहेब म्हणाले.

"मग? किती भरलं?"

साहेबांनी एकदा फाइलकडे पाहिलं. मग मालकांकडे, मास्तरांकडे, पान्याकडे. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"अगं," साहेब घसा साफ करून म्हणाले, "एका वजनावर काही धरता येत नाही. लागोपाठची दोन जुळावी लागतात."